विश्लेषण : आजी-आजोबांच्या हाती मोबाइल आला, पण शिकवणार कोण?

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारकांच्या घरांत एक ठरलेला प्रसंग घडतो. हयातीचा दाखला द्यायची वेळ आलेली असते. आजोबा चष्मा पुसत मोबाइल नातीपुढे धरतात. ती पाच मिनिटांत काम उरकते, ‘झालं’ म्हणते आणि आपल्या वाटेने जाते. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा तेच. दाखला वेळेत गेला, निवृत्तिवेतनही सुरू राहिले. पण आजोबांना काय शिकायला मिळाले? एरवी या परावलंबनाचे कुणाला फारसे काही वाटत नाही. मात्र भरदुपारी घरात कोणी नसताना ‘पोलीस ठाण्यातून बोलतोय’ असा व्हिडीओ कॉल येतो, तेव्हा हीच उणीव आयुष्यभराच्या पुंजीवर बेतू शकते. ज्येष्ठांना तंत्रज्ञान शिकवताना नेमके कुठे अडते आणि घरातल्या तरुणांनी काय बदलायला हवे, याविषयी...

प्रश्न किती मोठा?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे एक कोटीहून अधिक होते. त्यानंतरच्या काळात ही संख्या वाढतच गेली. याच काळात रोजचे व्यवहार खिडकीवरून मोबाइलवर आले. वीज देयक, गॅस नोंदणी, रेल्वे आरक्षण, बँकेची शिल्लक, रुग्णालयातली वेळ, सोसायटीच्या बैठकीची सूचना असे सगळेच आता पडद्यावर असते. एप्रिल २०१६ मध्ये आलेली यूपीआय प्रणाली काही वर्षांतच भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत पोहोचली.

या बदलाशी जुळवून घ्यायला सरकारी पातळीवर मदत झाली, पण तिला वयाची अट होती. ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांमध्ये प्रत्येकी एका व्यक्तीला डिजिटल साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवून २०१७ मध्ये ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान’ सुरू झाले. त्यासाठी वयोमर्यादा होती १४ ते ६० वर्षे. म्हणजे कायद्याने जिथे ज्येष्ठत्व सुरू होते, तिथेच या प्रशिक्षणाचे दार बंद होत होते. साहजिकच शिकवण्याची जबाबदारी घरावर, म्हणजे मुला-नातवंडांवर आली.

उतारवयात शिकणे खरेच अवघड असते?

‘या वयात आता काय डोक्यात शिरणार’ हे वाक्य ज्येष्ठ स्वतःही म्हणतात आणि घरचेही. ते अर्धेच खरे आहे. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग सांगितले. अगदी नवा प्रश्न झटपट सोडवण्याची क्षमता हा एक आणि अनुभवातून साठलेले ज्ञान, शब्दसंपदा, जाण हा दुसरा. पहिली क्षमता वयानुसार मंदावते, दुसरी दीर्घकाळ टिकते. याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की ज्येष्ठांना शिकायला जास्त वेळ लागतो, उजळणी जास्त लागते; आणि नवी गोष्ट जुन्या, ओळखीच्या गोष्टीशी जोडून सांगितली तर ती लवकर बसते. ‘यूपीआय पिन’ म्हणजे धनादेशावरची सही, असे सांगितले की ती कधी करायची आणि कधी नाही, हे बँकेत चाळीस वर्षे व्यवहार केलेल्या माणसाला वेगळे समजावावे लागत नाही.

जपानच्या मासाको वाकामिया हे याचे ठळक उदाहरण. १९३५ मध्ये जन्मलेल्या वाकामिया बँकेत नोकरीला होत्या. साठीच्या आसपास त्यांनी पहिला संगणक घेतला. मोबाइलवरचे खेळ तरुणांच्या वेगासाठी बनवलेले असतात, त्यात ज्येष्ठ हरतातच, हे पाहून त्यांनी स्वतः प्रोग्रामिंग शिकायला घेतले. २०१७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी ‘हिनादान’ नावाचे ॲप तयार केले. जपानमधील मुलींच्या सणात मांडल्या जाणाऱ्या पारंपरिक बाहुल्या पायऱ्यांवर योग्य जागी ठेवणे, एवढाच तो खेळ. त्यात वेगाला महत्त्व नव्हते, माहितीला होते. त्याच वर्षी ॲपल कंपनीने त्यांना आपल्या विकासकांच्या जागतिक परिषदेला बोलावले.

मग अडते कुठे?

बऱ्याचदा अडचण बुद्धीची नसून डोळ्यांची आणि बोटांची असते. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते; पुढे फिकट रंगावरची फिकट अक्षरेही ओळखू येत नाहीत. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी पडते. मोबाइलचा पडदा बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युत बदलावर चालतो, त्यामुळे कोरड्या बोटाचा स्पर्श तो अनेकदा नोंदवत नाही. मग आजी जोरात दाबतात, बोट जास्त वेळ टेकते आणि मोबाइल त्याचा भलताच अर्थ लावतो. ॲप उघडायचे राहून ते पुसायचे का, असा प्रश्न पडद्यावर येतो. ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं’ ही तक्रार अशा वेळी अगदी खरी असते.

यातल्या बऱ्याच गोष्टी मोबाइलच्या सेटिंगमध्ये सुधारता येतात. अक्षरांचा आणि चिन्हांचा आकार मोठा करता येतो. पडदा किती वेळाने बंद व्हावा हे ३० सेकंदांवरून काही मिनिटांवर नेता येते. नाही तर आजोबा संदेश वाचत असतानाच अंधार होतो. ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात किती वेळ दाबले म्हणजे दीर्घ स्पर्श मानायचा, तेही ठरवता येते. मोबाइलची भाषा मराठी करता येते आणि कळफलकावरचा माइक दाबून मराठीत बोलले की टंकलिखित होते. ही जुळवाजुळव अर्ध्या तासाची आहे. पण घराघरांत दिसते असे, की नातवाने वापरून जुना झालेला मोबाइल त्याच्याच सेटिंगसह आजोबांकडे येतो.

दुसरी अडचण भाषेची. ‘स्वाइप कर’, ‘बॅक जा’, ‘होमवर ये’ हे शब्द विशीतल्या मुलांना अंगवळणी पडलेले असतात. ‘बोट पडद्यावर ठेवून डावीकडे सरकव’ असे म्हटले तर तेच काम होते. शिवाय ॲप अद्ययावत झाले की बटणांच्या जागा बदलतात. पाठ केलेली वाट एका रात्रीत मोडते आणि दोष मात्र ज्येष्ठांच्या विसराळूपणाला दिला जातो.

घरातल्यांचे काय चुकते?

‘दे इकडे, मी करतो’ या वाक्यात सगळी चूक सामावलेली आहे. काम झाले, वेळ वाचला. पण ज्येष्ठांना एवढेच समजले, की हे आपल्याला जमणारे नाही. पोहायला शिकवणारा शिकणाऱ्याच्या वतीने पोहत नाही. इथेही शिकवण्याचा पहिला नियम साधा आहे : मोबाइल ज्याचा, त्याच्याच हातात राहील. शिकवणाऱ्याने आपले हात मागे ठेवायचे आणि तोंडाने सांगायचे.

दुसरा नियम असा, की एका बैठकीत एकच गोष्ट. आणि ती कोणती, हे ज्येष्ठांनी ठरवायचे. मुलगा बँकेच्या ॲपपासून सुरुवात करू पाहतो. आईला मात्र बहिणीला फोटो पाठवायचा असतो किंवा कीर्तन ऐकायचे असते. फोटो पाठवायला शिकली की ती निवडणे, पाठवणे, मागे येणे, चुकले तर पुसणे या चारही क्रिया शिकलेली असते. बँकेच्या ॲपमध्ये पुढे त्याच उपयोगी पडतात.

तिसरा नियम वहीचा. या पिढीचा हात लिहिता आहे. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या अक्षरांत लिहाव्यात. ‘हिरवा फोन असलेले चित्र दाबणे’ ही नोंद कोणत्याही तयार माहितीपुस्तिकेपेक्षा चांगली असते. पासवर्ड आणि पिन मात्र त्या वहीत नसावेत. चौथा नियम : दोन दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा करून पाहणे, आणि या वेळी शिकवणाऱ्याने खोलीत थांबून गप्प राहणे.

हयातीचा दाखला स्वतः कसा देता येतो?

दरवर्षी बँकेत वा कोषागारात जाऊन हयात असल्याचे दाखवण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही आधार-आधारित सुविधा सुरू झाली. सुरुवातीला त्यासाठी बोटांचे ठसे वा बुबुळे टिपणारे यंत्र लागे. वयाने आणि कष्टाने झिजलेले ठसे जुळत नसत. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली आणि साधा स्मार्टफोन पुरेसा ठरला.

त्यासाठी ‘आधारफेसआरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. आधी मोबाइल हाताळणाऱ्याची ओळख पटवली जाते. ती व्यक्ती स्वतः निवृत्तिवेतनधारकही असू शकते. मग आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, बँक खाते आणि निवृत्तिवेतन देणारी यंत्रणा ही माहिती भरायची. शेवटी चेहरा चौकटीत धरून डोळ्यांची उघडझाप करायची. खोलीत पुरेसा उजेड हवा. काम झाले की दाखल्याचा क्रमांक संदेशाने येतो. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर हा महिना ठरलेला आहे आणि ८० वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील निवृत्तिवेतनधारक तो वर्षभरात केव्हाही देऊ शकतात आणि तिथून पुढे वर्षभर तो चालतो. पुनर्विवाह झालेल्यांना किंवा पुन्हा नोकरीत रुजू झालेल्यांना मात्र ही डिजिटल सोय नाही; त्यांना जुन्या पद्धतीनेच दाखला द्यावा लागतो.

या पद्धतीतली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोबाइल हाताळणाऱ्याची ओळख एकदा पटली की त्याच मोबाइलवरून अनेकांचे दाखले देता येतात. म्हणजे इमारतीतल्या एका ज्येष्ठाला नातीने हे नीट शिकवले, तर ते शेजारच्या दहा जणांचे काम करून देऊ शकतात. आणि ते दहा जण नातीपेक्षा त्यांच्याकडे कमी संकोचाने जातात.

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ एवढे पुरेसे आहे का?

नाही, उलट या सरसकट सूचनेने गोंधळ वाढतो. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारतो. ॲपवरून बोलावलेल्या रिक्षाचा चालकही चार आकडी क्रमांक विचारतो. दोन्ही ठिकाणी तो सांगावाच लागतो. मग तिसऱ्यांदा कोणी फोनवरून विचारले तर सांगायचे की नाही, हे ज्येष्ठांनी कसे ठरवायचे?

म्हणून नियमाबरोबर त्याचे कारण शिकवायला हवे. सिलिंडर दारात आहे, रिक्षा समोर उभी आहे. तो क्रमांक वस्तू किंवा सेवा योग्य माणसाला मिळाली, एवढेच सांगतो. बँकेकडून आलेला क्रमांक मात्र खात्याची किल्ली असतो आणि ती मागणारा माणूस समोर नसतो. क्रमांक सांगण्यापूर्वी तो कशासाठी आला आहे हे संदेशात वाचायचे, ही एक सवय अनेक सूचनांची जागा घेते. तसेच पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो पैसे देताना लागतो. ‘पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच फोन ठेवायचा. फोनवरून हयातीचा दाखला अद्ययावत करून देतो, असे सांगणाऱ्यालाही हेच लागू.

‘डिजिटल अटक’ या नावाखाली होणारी फसवणूक याहून वेगळी आहे. ती अज्ञानावर नव्हे, भीतीवर चालते. गणवेशातला माणूस व्हिडीओ कॉलवर येतो, गुन्ह्यात नाव आल्याचे सांगतो, कॉल बंद करू नका आणि घरच्यांना सांगू नका असे बजावतो. आयुष्यभर कायदा पाळलेला माणूस पोलिसांच्या नावाने सर्वाधिक घाबरतो. कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याच विषयावर बोलताना थांबा, विचार करा, कृती करा अशी त्रिसूत्री सांगितली होती. त्यातले ‘थांबा’ सर्वांत अवघड. ते सोपे करायचे, तर कॉल बंद करून कोणाला फोन लावायचा, ते नाव घरात आधीच ठरलेले असावे.

फसवणूक झाल्यावर ज्येष्ठ गप्प का बसतात?

पैसे गेल्याचे दुःख असते, पण त्याहून मोठी धास्ती घरच्यांची असते. ‘सांगितलं होतं ना’ हे ऐकावे लागेल आणि नंतर मोबाइलच काढून घेतला जाईल, असे वाटते. त्या धास्तीने काही तास, कधी काही दिवस जातात. नेमका हाच वेळ मोलाचा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केली, तर पैसे पुढच्या खात्यांत पोहोचण्याआधी गोठवण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती शक्यता वेगाने घटते.

त्यामुळे मोबाइल सुरक्षित करणारे सर्वांत महत्त्वाचे सेटिंग मोबाइलमध्ये नसून घरात आहे. ‘चूक झाली तर आधी मला सांगा, मी रागावणार नाही’ हे तरुणांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे आणि वेळ आल्यावर पाळायला हवे. १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत भिंतीवर लावावा. व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉल शांत ठेवण्याची आणि परिचितांखेरीज कोणी समूहात जोडू नये यासाठीची सोय सुरू करावी. ती काय करते, हेही समजावून सांगावे.

घराबाहेर कोण शिकवू शकेल?

नातवंडे परगावी किंवा परदेशी असलेल्या घरांचे काय, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘सीनियरनेट’ने ज्येष्ठांनीच ज्येष्ठांना संगणक शिकवण्याची वाट पाडली. कॅनडात शाळकरी मुलींच्या उपक्रमातून ‘सायबर-सीनियर्स’ उभे राहिले; त्यावर २०१४ मध्ये माहितीपटही आला. सिंगापूरने करोनाकाळात, २०२० मध्ये ज्येष्ठांना मोबाइल शिकवण्यासाठी प्रशिक्षित ‘डिजिटल दूत’ नेमले.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी नऊवारीत, पाटी-दप्तर घेऊन आज्या अक्षरे गिरवू लागल्या आणि शिकवायला होती गावातलीच एक सून. ज्यांनी उभी हयात अंगठा उमटवला, त्यांनी सही शिकली. डिजिटल अक्षरओळखीसाठी याहून वेगळे काही लागत नाही. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांना बसायला जागा आहे. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, ज्यांना वर्षाला १२० तास समाजकार्य करायचे असते. आठवड्यातून एक तास या दोघांची गाठ पडली, तरी मोठे काम होईल. केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२-२७) १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी डिजिटल साक्षरतेचा समावेश आहे आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही, हीही जमेची बाजू.

तरुणांना यातून काय मिळते?

हा व्यवहार एकतर्फी राहिला तर टिकत नाही. शिकवून घेणाऱ्याला सतत उपकृत वाटत राहते. म्हणून शिकवण्याचा विषय असा निवडावा, की ज्यात ज्येष्ठांचीच गरज लागेल. कपाटातला जुना अल्बम हा उत्तम धडा आहे. नातीने फोटो काढून मोबाइलवर घ्यायचे आणि प्रत्येक फोटोत कोण, कुठे, कधी हे आजीने आवाजी संदेशात सांगायचे. फोटो मोठा करणे, पाठवणे, संदेश नोंदवणे हे सगळे आजी शिकते आणि घराला माहीत नसलेली नावे कायमची नोंदली जातात. लोणच्याचे प्रमाण, शेताच्या बांधाची हकिकत, गावाकडच्या जत्रेची आठवण यांचेही तसेच. आजी गेल्यावर ही माहिती कुठल्याच ॲपवर मिळणार नसते.

ज्यांना शिकायचेच नाही, त्यांचे काय?

त्यांचाही हक्क अबाधित आहे. ७० वर्षांवरील ग्राहकांना मूलभूत बँक सेवा घरपोच देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना निर्देश दिले आहेत. शुल्क भरून पोस्टमनमार्फत घरी हयातीचा दाखला देता येतो. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मधला मार्गही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘यूपीआय सर्कल’मध्ये मुलीच्या खात्यातून वडिलांना पैसे देता येतात. प्रत्येक व्यवहाराला तिची मंजुरी घेता येते, किंवा एका वेळी पाच हजार आणि महिन्याला १५ हजार रुपयांच्या मर्यादेत त्यांना मोकळीक देता येते. दुकानातला कोड वडील स्वतः स्कॅन करतात, पण स्वतःचे बँक खाते मोबाइलला जोडावे लागत नाही. हात बसला, भीड चेपली की पुढे काय करायचे, ते त्यांनी ठरवावे.

तंत्रज्ञान दर दोन वर्षांनी बदलणार आहे. आज शिकवलेले ॲप उद्या नसेलही. टिकणार आहे ती एवढीच सवय, की अडले तर विचारावे आणि विचारले तर कोणी वैतागणार नाही. येत्या नोव्हेंबरात आजोबांनी मोबाइल पुढे केला, तर तो हातात न घेता शेजारी खुर्ची ओढून बसावे. काम पाच मिनिटांऐवजी पाऊण तासाने होईल. पुढच्या वर्षी मात्र दाखला गेल्याचे आजोबाच फोन करून कळवतील.